बक्षीसपत्रावर सही करण्याआधी

मृत्युपत्राचा विषय काढला की घरात अभद्र वाटतं. मुलाच्या नावे फ्लॅटचं बक्षीसपत्र केलं की मात्र नातेवाईक वाहवा करतात. खरं तर हात आखडावा तो या दुसऱ्या कागदापाशी.

मृत्युपत्र करणारा हयात आणि शुद्धीवर आहे तोवर ते कितीही वेळा बदलता येतं, रद्दही करता येतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ ने दिलेली ही मुभा. आधीचं नोंदवलेलं असलं, तरी नंतर साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमक्ष केलेलं नवं मृत्युपत्र कायद्याने चालतं.

बक्षीसपत्राला ही सोय नाही. दुय्यम निबंधकाच्या टेबलाशी वेबकॅमसमोर फोटो निघाला, यंत्रावर अंगठा टेकला, मुलाने दान स्वीकारलं, की मालकी गेली. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १२६ सांगतं, की देणाऱ्याला मन फिरलं म्हणून दान परत घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, नाहीतर तशी वैध अट आधीच ठरलेली असावी लागते. 'सून धड बोलत नाही' एवढ्यावर दस्त रद्द होत नसतो. तरी लोक ही वाट धरतात, कारण महाराष्ट्रात राहतं घर मुलामुलींना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. शहरातला अधिभार वेगळा. स्वस्त पडतं म्हणून घर देऊन टाकणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

साठी ओलांडलेल्यांना एक आधार आहे: ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चं कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरणाकडून हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पण अट होती का, यावरच गाडी अडते. अट दाखवता आली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र मात्र न्यायालयाने रद्द ठरवलं. तिच्याकडे, शेवटपर्यंत सांभाळीन, असं मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं.

तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल, तर 'तहहयात याच घरात राहण्याचा हक्क' आणि अन्न, वस्त्र, औषधपाण्याची जबाबदारी वकिलाकडून मसुद्यातच लिहून घ्या. मुलगा त्यावर नाराज झाला, तर मृत्युपत्र करून मोकळे व्हा.