कर्ज खोटे, लाज खरी : ऑस्ट्रेलियातील 'रोबोडेट' प्रकरण आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

गरिबाच्या ताटातला घास काढून घेणे हे पाप आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्याचा घास काढून घेताना त्यालाच चोर ठरवणे हे त्याहून मोठे पाप आहे. ऑस्ट्रेलियामध्ये २०१५ ते २०१९ या काळात शासनाच्या कल्याणकारी यंत्रणेकडून नेमके हेच घडले. लाखो गरजू नागरिकांना त्यांनी कधीही न घेतलेल्या पैशांची वसुलीपत्रे पाठवण्यात आली. हे प्रकरण 'रोबोडेट', म्हणजे यंत्राने लादलेले कर्ज, या नावाने ओळखले जाते. त्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने ७ जुलै २०२३ रोजी आपला ९९० पानांचा अहवाल सादर केला आणि ५७ शिफारशी केल्या. मात्र अहवाल आला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. शासनाच्या हातून अन्याय घडतो तेव्हा त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे आणि त्या कामी वृत्तपत्रांचे कर्तव्य कोणते, हे दोन प्रश्न या प्रकरणाने उभे केले आहेत. ते आपल्यालाही विचार करावयास लावणारे आहेत.

योजना काय होती?

ऑस्ट्रेलियात बेरोजगार, विद्यार्थी, अपंग व एकट्या पालकांना 'सेंटरलिंक' या शासकीय कार्यालयामार्फत भत्ता मिळतो. भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याला आपली कमाई कळवावयाची असते. जास्त पैसे दिले गेले असतील तर ते परत मागण्याचा शासनाला अधिकार आहे आणि त्यात गैर काही नाही. गैर होती ती हिशेबाची नवी पद्धत. कर खात्याकडे नोंदलेली व्यक्तीची वर्षभराची कमाई घ्यावयाची, तिला २६ पंधरवड्यांनी भागावयाचे आणि आलेली सरासरी हीच प्रत्येक पंधरवड्याची खरी कमाई, असे मानावयाचे.

एक साधे उदाहरण घेऊ. एका तरुणीने वर्षातील पहिले तेरा पंधरवडे नोकरी करून प्रत्येकी २,००० डॉलर मिळवले. नोकरी सुटल्यावर उरलेले तेरा पंधरवडे तिने प्रामाणिकपणे भत्ता घेतला. तिची वर्षाची कमाई २६,००० डॉलर झाली. यंत्राने सरासरी काढली ती पंधरवड्याला १,००० डॉलर. म्हणजे नोकरी नसतानाही ती दर पंधरवड्याला हजार डॉलर मिळवत होती आणि तिने ते लपवले, असा निष्कर्ष निघाला! आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमार बांधवाच्या वर्षाच्या मिळकतीला बाराने भागून, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतानाही त्याने मासळी विकली असे ठरवण्यासारखाच हा प्रकार होता.

पूर्वी अशी तफावत आढळल्यास कर्मचारी मालकाकडे विचारणा करून खातरजमा करीत. ते काम वेळखाऊ असल्यामुळे वर्षाला सुमारे वीस हजार प्रकरणेच हाताळली जात. नव्या पद्धतीत ऐन भरात आठवड्याला वीस हजार पत्रे निघू लागली. खातरजमेचे काम आता नागरिकावर येऊन पडले. काही वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या आणा, नाहीतर पैसे भरा, असे त्याला सांगण्यात आले. ज्या दुकानात किंवा हॉटेलात काम केले ते बंद पडले असेल तर पावती आणावयाची कोठून? आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करावा, हा न्यायाचा मूळ नियमच येथे उलटा करण्यात आला.

याहून गंभीर बाब अशी की, या पद्धतीला कायद्याचा आधार नाही आणि कायद्यात बदल केल्याशिवाय ती राबवता येणार नाही, असे सामाजिक सेवा खात्याच्या विधिज्ञांनी २०१४ च्या अखेरीसच कळवले होते. तरीही योजना पुढे गेली.

वृत्तपत्रांचे दोन चेहरे

या प्रकरणात प्रसारमाध्यमांनी दोन परस्परविरोधी भूमिका बजावल्या. त्या दोन्ही आपण समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली भूमिका शासनाच्या सोयीची होती. भत्ता घेणारा म्हणजे फुकट खाणारा, हे चित्र तेथील काही वृत्तपत्रांनी व दूरदर्शन वाहिन्यांनी अनेक वर्षे रंगवले होते. डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन मानवी सेवा मंत्री अॅलन टज यांनी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात, आम्ही तुम्हाला शोधून काढू, पैसे परत करावे लागतील आणि तुरुंगातही जावे लागू शकेल, अशा आशयाचा इशारा दिला. तो ऐकून पत्र हाती पडलेल्या निरपराध माणसाची काय अवस्था झाली असेल? अनेकांनी भीतीपोटी, तर अनेकांनी शरमेपोटी नसलेले कर्ज फेडले. ज्यांचे तरुण पुत्र या वसुलीच्या ओझ्याखाली असताना आत्महत्या करून गेले, अशा दोन मातांनी पुढे आयोगासमोर साक्ष दिली. कर्ज खोटे होते, पण त्यामुळे वाटलेली लाज खरी होती.

दुसरी भूमिका सत्य शोधणाऱ्या पत्रकारांची होती. २०१६ च्या अखेरीपासून 'गार्डियन ऑस्ट्रेलिया'चे ख्रिस्तोफर नॉस आदी बातमीदारांनी पीडितांच्या कहाण्या आणि खात्याच्या आतील कर्मचाऱ्यांची अस्वस्थता प्रकाशात आणली. स्वयंसेवकांनी अशा शेकडो कहाण्या एकत्र केल्या. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संस्थांनीही आक्षेप नोंदवले.

यावर शासनाने काय केले? ज्यांनी उघडपणे तक्रार केली, त्यांचीच खासगी माहिती मंत्र्यांच्या कार्यालयाने मागवली आणि ती माध्यमांकडे पोहोचवण्यात आली. योजनेतील दोषांवरील चर्चेपासून लक्ष वळवण्यासाठी व टीकाकारांना परावृत्त करण्यासाठी मंत्र्यांनी नागरिकांच्या माहितीचा असा वापर करणे हा सत्तेचा दुरुपयोग होय, असा निष्कर्ष आयोगाने काढला. टज यांनी तो अमान्य केला आहे.

येथे ख्रिस्तसभेची शिकवण आठवते. आठव्या आज्ञेचे विवरण करताना कॅथोलिक धर्मशिक्षण केवळ खोट्या बदनामीलाच पाप म्हणत नाही. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याला दोषी मानणे हेही पाप आहे. एखाद्याचा खरा दोषसुद्धा योग्य कारणावाचून लोकांपुढे मांडणे हेही पाप आहे. त्याचबरोबर समाजाला सत्य, स्वातंत्र्य, न्याय आणि ऐक्यभावना यांवर आधारलेली माहिती मिळण्याचा हक्क आहे, असेही धर्मशिक्षण सांगते. म्हणजे शासनाचे कृत्य उघड करणे हे पत्रकाराचे कर्तव्य ठरते. दुबळ्याचे खासगी जीवन चव्हाट्यावर मांडणे हा मात्र त्याच लेखणीचा अपराध ठरतो.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिच्यावर आरोप करणारे दोघे वडीलधारे होते, शिवाय न्यायाधीश होते. म्हणूनच लोकांनी पुरावा न मागता तिला दोषी मानले. तरुण दानिएलने फार मोठे काही केले नाही. त्याने दोघांना वेगवेगळे केले आणि एकच साधा प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? दोघांची उत्तरे जुळली नाहीत आणि एक निरपराध जीव वाचला. 'रोबोडेट'बाबत असाच साधा प्रश्न विचारणे आवश्यक होते : हा आकडा कोठून आला? तो विचारावयास पत्रकार, वकील आणि काही सामान्य नागरिक पुढे आले, हे त्या देशाचे भाग्य.

सत्य उजेडात यावयास इतका वेळ का लागला?

मार्च २०१७ मध्येच प्रशासकीय अपील लवादाचे सदस्य प्रा. टेरी कार्नी यांनी असे कर्ज कायद्यात बसत नाही, असा निर्णय दिला होता. परंतु त्या पातळीवरचे निर्णय प्रसिद्ध होत नसत आणि शासनाने वरच्या पातळीवर अपीलही केले नाही. परिणामी त्या एका व्यक्तीला न्याय मिळाला, पण निर्णय जनतेच्या नजरेस आला नाही आणि पत्रे जातच राहिली. राष्ट्रीय लोकपालांनीही त्या वर्षी चौकशी केली, मात्र त्यांची दिशाभूल करण्यात आली, असे आयोगाला पुढे आढळले.

अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयातील एका खटल्यात शासनाने केवळ सरासरीवर काढलेले कर्ज वैध नसल्याचे मान्य केले. मे २०२० मध्ये ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याची घोषणा झाली. सामूहिक दाव्यातील तडजोडीस जून २०२१ मध्ये मान्यता देताना न्यायमूर्ती बर्नार्ड मर्फी यांनी या प्रकरणाला लाजिरवाणे प्रकरण म्हटले. सुमारे ४ लाख ३३ हजार लोकांकडून सुमारे १७६ कोटी डॉलरची बेकायदा मागणी करण्यात आली होती! त्या तडजोडीत ११ कोटी २० लाख डॉलरची भरपाई ठरली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे, न्यायालयाच्या मान्यतेच्या अधीन राहून, कबूल केले.

कबुली कोणाची?

पैसे परत झाले, मग आणखी काय हवे, असे कोणी विचारील. आपण कॅथोलिक श्रद्धावंतांना या प्रश्नाचे उत्तर प्रायश्चित्त संस्काराने शिकवले आहे. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई यांपैकी एकही अंग गळाले तर संस्कार अपुरा राहतो. २०२० च्या तडजोडीत भरपाई होती, पण शासनाने आपले दायित्व मान्य केले नव्हते.

म्हणूनच २०२२ मध्ये नव्या सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनचे महत्त्व आहे. क्वीन्सलंडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स यांनी सुनावणी जनतेसाठी खुली ठेवली. मंत्री आणि सचिव यांना शपथेवर प्रश्न विचारले गेले आणि लोकांनी ते घरबसल्या पाहिले. योजना सुरू झाली तेव्हा सामाजिक सेवा मंत्री असलेले व पुढे पंतप्रधान झालेले स्कॉट मॉरिसन यांनी मंत्रिमंडळाची दिशाभूल होऊ दिली, असे आयोगाने नमूद केले. मॉरिसन यांनी हा निष्कर्ष फेटाळला आहे. भत्त्यातील फसवणुकीचे प्रमाण प्रत्यक्षात अत्यल्प आहे आणि भत्ता घेणाऱ्यांविरुद्ध बोलणे हा मते मिळवण्याचा सोपा मार्ग झाला आहे, याकडेही अहवालाने लक्ष वेधले.

त्यानंतरची वाटचाल मात्र संथ राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये बारा आजी-माजी अधिकाऱ्यांनी आचारसंहितेचा एकूण ९७ वेळा भंग केल्याचे जाहीर झाले. त्यांत दोन माजी सचिव होत्या. परंतु सेवा सोडून गेलेल्यांना शिक्षा करता आली नाही. राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोगाने जून २०२४ मध्ये आपल्याकडे आलेल्या सहा व्यक्तींच्या प्रकरणांची चौकशी न करण्याचे ठरवले, तेव्हा जनतेतून शेकडो तक्रारी गेल्या आणि वृत्तपत्रांनी विषय लावून धरला. निरीक्षकांनी त्या निर्णयाच्या पद्धतीत दोष दाखवल्यावर फेरविचार झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्या सहाही प्रकरणांची चौकशी हाती घेण्याचे जाहीर केले. अहवालानंतरही पत्रकारांनी विषय सोडला असता, तर हे घडले असते काय?

पवित्र शुभवर्तमानातील जक्कय हा कर गोळा करणारा होता. प्रभू येशू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने यंत्रणेला दोष दिला नाही किंवा चूक झाली असेल असे मोघम उद्गार काढले नाहीत. मी कोणाला लुबाडले असेल तर मी चौपट परत करीन, असे तो सर्वांदेखत, स्वतःच्या नावाने बोलला. उत्तरदायित्वाची याहून स्वच्छ व्याख्या सापडणे कठीण. संगणकाला विवेकबुद्धी नसते. ती त्याला आज्ञा देणाऱ्या आणि धोक्याची सूचना बाजूला सारणाऱ्या माणसाला असते.

आपल्यासाठी बोध

ऑस्ट्रेलिया दूर असला तरी हा विषय दूरचा नाही. आपल्या धर्मग्रामांतही निराधार अनुदानावर किंवा रेशनच्या धान्यावर चूल पेटवणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या हाती एखादा शासकीय कागद पडला तर हा हिशेब कशावरून केला, असे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे, हे त्यांना सांगणे आणि अर्ज लिहून देणे ही आपली सेवा ठरेल. २००५ चा माहिती अधिकार कायदा त्यासाठीच आहे. अनुदान घेणाऱ्याविषयी एखादी बातमी किंवा कुजबुज आपल्या कानी आली तर ती पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबावे आणि दानिएलचा प्रश्न विचारावा. जो पत्रकार सत्तेला असा प्रश्न विचारतो, त्याच्या पाठीशी उभे राहावे.

चूक करणाऱ्यांना जक्कयचे धैर्य आणि चूक पाहणाऱ्यांना दानिएलची वाचा लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.