तण्हा म्हणजे नुसती ‘डिझायर’ नव्हे

“बौद्ध म्हणवता, मग शिष्यवृत्तीची, हक्कांची इच्छा कशाला धरता?” हा टोमणा आपल्या तरुणांनी ऐकलेला असतो. या गोंधळाला इंग्रजीनेही हातभार लावला आहे. ‘टेस्ट’ म्हणजे चव आणि आवडही, ‘लायकिंग’ म्हणजे पसंती. ‘डिझायर’ मात्र शिकण्याच्या ओढीलाही चालतो आणि हव्यासालाही. अनेक अनुवादांत तण्हा आणि छंद या दोन्ही पाली शब्दांना हाच एक शब्द लावलेला दिसतो.

तण्हा म्हणजे मुळात तहान. आपला मराठी ‘तहान’ त्याच कुळातला. पण ही तहान कितीही प्यालो तरी भागत नाही. छंदाचे तसे नाही. कामच्छंद नीवरणांत मोडतो हे खरे. पण चार इद्धिपादांतला पहिला छंदच आहे, आणि सम्यक व्यायामात कुशल धम्मांसाठी छंद उत्पन्न करायलाच सांगितले आहे. इच्छा सरसकट मारायची असती, तर हे कशाला सांगितले असते?

बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ (१९५७) या ग्रंथात ‘क्रेव्हिंग’ हा शब्द वापरला. तृष्णात्यागाच्या त्याच प्रकरणात ते बजावतात, की संतुष्टता म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे आणि बुद्धाने गरिबीला कधी धन्य म्हटलेले नाही. टोमणा मारणाऱ्यांना आम्ही तेच पान उघडून दाखवतो.