दिवसाला फक्त ८०० कॅलरी: हे डाएट घरच्या घरी करावं का?

रोज ८०० किंवा त्याहून कमी कॅलरींच्या आहारात जेवणाऐवजी प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून घातलेले शेक किंवा सूप देतात. साधारणपणे बीएमआय ३० च्या वर असेल आणि वजन लवकर उतरवणं गरजेचं असेल, तरच डॉक्टर तो सुचवतात; तोही बहुधा १२ आठवड्यांपर्यंतच.

नुसतं उपाशी राहणं म्हणजे हे डाएट नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या द्रव आहारावर राहिलेल्या अनेकांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला. वजन झपाट्यानं घटलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्यांचा डोस बदलला नाही, तर साखर किंवा रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. गर्भवतींनी तर हे टाळावंच.

म्हणून रील पाहून सुरुवात करू नका; आधी डॉक्टरांना विचारा.