जुनं ते सोनं. पण कायदा काय म्हणतो?

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरून काय काय खाली येतं! काळवंडलेला लामणदिवा, लाल फडक्यात बांधलेली पोथी, आजेसासूबाईंच्या वेळचा पितळी बाळकृष्ण, कडा झिजलेलं एखादं चित्र. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं, "मोडीत द्या." कोणी म्हणतं, "धाकटा अमेरिकेला निघालाय ना, घाला त्याच्या बॅगेत. तिथल्या दिवाणखान्यात शोभून दिसेल." हंडे-कळश्या मोडीत घालून स्टीलचे डबे घेण्यात तर आपला हात कोणी धरणार नाही! पण यातल्या काही वस्तूंसाठी खास कायदा आहे, हे किती जणींना ठाऊक असतं?

हा कायदा झाला १९७२ साली आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. नाणं, मूर्ती, चित्र, कारागिरीची कुठलीही वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असली, की ती कायद्याच्या भाषेत 'पुरावस्तू' ठरते. महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल, तर पंचाहत्तर वर्षंच पुरेत. म्हणजे आपल्या पणजीच्या वेळची कितीतरी चीजवस्तू यात येऊ शकते.

सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ही. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि सरकारनं नेमलेल्या संस्थेला आहे. घरचीच वस्तू आहे, विकायची नाही, फक्त मुलाला द्यायची आहे, असं म्हणून भागत नाही. गुन्हा शाबीत झाला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. आईच्या मायेनं बॅगेत घातलेला बाळकृष्ण विमानतळावर लेकाच्या गळ्याशी यायचा! मूर्ती दिसायला जुनी, पण वयानं शंभरीच्या आतली असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. तो आधी घ्यावा आणि मगच बॅग भरावी.

दुसरी गोष्ट नोंदणीची. दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती, तशीच जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. इथं बायका घाबरतात. "म्हणजे सरकार आमचे देव उचलून नेणार का हो?" तसं नाही. नोंद झाली तरी मालकी आपलीच राहते. एखादी वस्तू सार्वजनिक ठिकाणी जतन व्हायला हवी असं वाटलं, तर मोबदला देऊन ती घेण्याचा अधिकार सरकारला आहे खरा. पण जिची मनोभावे पूजा चालू आहे, ती मूर्ती त्यातून वगळलेली आहे. वस्तू दुसऱ्याच्या नावे झाली, तर तेही कळवायचं असतं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कायद्याचं शिक्षण ते काय घ्यायचं? तर दोन गोष्टी ऐका.

तमिळनाडूतल्या शिवपुरम् गावचा नटराज १९५४ साली दुरुस्तीला दिला गेला. परत आली ती हुबेहूब नक्कल, आणि देवळात पूजा होत राहिली त्या नकलेची! ही अदलाबदल १९६५ साली उघड केली ती ब्रिटिश म्युझियममधल्या डग्लस बॅरेट या अभ्यासकानं, आपल्या पुस्तकातून. खरी मूर्ती मुंबईमार्गे अमेरिकेत पोचली होती. १९७३ साली नॉर्टन सायमन या संग्राहकानं ती नऊ लाख डॉलर्सना विकत घेतली. मोठ्या वाटाघाटींनंतर १९८६ साली नटराज मायदेशी आला.

दुसरी गोष्ट पथ्थूर गावची. १९७६ साली एका मजुराला खणताना नटराज सापडला. वास्तविक जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरला कळवावं असा १८७८ सालापासूनचा कायदा आहे. पण मूर्ती परस्पर विकली गेली आणि लंडनला पोचली. तिथल्या कोर्टात दावा उभा राहिला. डॉ. आर. नागस्वामी यांनी मूर्तीची घडण त्याच गावच्या इतर मूर्तींशी जुळते, हे पटवून दिलं. मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणासुद्धा पुराव्यात आल्या. पडक्या का होईना, देवळाला आपला हक्क मागता येतो, हे कोर्टानं मानलं आणि १९९१ साली देव घरी परतला.

बघा, एका मूर्तीसाठी वकील हवा, इतिहासकार हवा, माती ओळखणाराही हवा. म्हणूनच हा विषय आता स्वतंत्रपणे शिकवला जातो. इंग्लंडमध्ये १९९५ साली फक्त कला आणि कायदा या विषयासाठी एक संस्था निघाली. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याची ग्रेटर नोएडा इथली संस्था पदव्युत्तर पदविका देते. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी नावाजलेलं आहे, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र शिकता येतं. मुलीनं इतिहास घेऊन बी.ए. केलं, की "आता पुढे काय, बी.एड.?" एवढंच आपण विचारतो. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, तेव्हा शिक्षिकेच्या पेशाला नावं ठेवायची नाहीत. पण बी.ए.नंतर तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते. इतिहास आणि कायदा दोन्ही जाणणारी मुलगी संग्रहालयात, पुरातत्त्व खात्यात किंवा वकिलीत किती उपयोगी पडेल, याचा विचार घरात व्हायला हवा.

आणि आपण गृहिणींनी काय करायचं? ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ साली पन्नास लाखांहून जास्त डॉलर्सना घेतलेला श्रीपुरंदानचा नटराज २०१४ साली भारतात परत आला. तो आपलाच, हे सिद्ध करायला कामी आला पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातला, मूर्ती देवळात असतानाचा एक जुना फोटो! तेव्हा एका दुपारी एवढं कराच :

१. प्रत्येक जुन्या वस्तूचा पुढून, मागून आणि तळातून फोटो काढा. शेजारी शिवणाची टेप ठेवा, म्हणजे माप कळेल.

२. वहीत लिहा : वस्तू कोणाची, घरात कधी आली, कुठे टवका उडालाय, कुठे अक्षरं कोरली आहेत. नक्कल ओळखायची ती अशाच खुणांवरून.

३. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची आठवण त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. हे काम पुढे ढकलू नका.

४. पोथी रद्दीत आणि मूर्ती मोडीत देण्याआधी जवळच्या संग्रहालयात दाखवा. गल्लीत "जुनी मूर्ती घेतो" म्हणत येणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. असा व्यापार करायला परवाना लागतो.

५. गावच्या देवळातल्या मूर्तींचेही असे फोटो आहेत का, हे महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर विचारा.

दागिन्यांची यादी आपण बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवतो. तिच्याशेजारी ही वहीही राहू द्या.