टूकनची सोयरीक आणि कोंडाण्याचा तांबट

राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याच्या प्राचीन बौद्ध लेण्यांकडे जाणाऱ्या रानवाटेवर धनेश पाहून, त्याच्या अवाढव्य चोचीमुळे ज्यांना दक्षिण अमेरिकेतील टूकनचे स्मरण होते व दोघे एकाच गोतातले वाटतात (माझीही पुष्कळ वर्षे हीच समजूत होती), त्यांनी वारसनोंदीचे दफ्तर एकदा उघडून पाहावे. धनेशाचे भाऊबंद हुदहुदाच्या गोतात. टूकन मात्र सुतारपक्ष्यांच्या गणातला, आणि त्याचा सह्याद्रीतील निकटचा आप्त म्हणजे वडापिंपळावर बसून तांब्याचे भांडे ठोकीत असल्यासारखा अखंड ‘टुक् टुक्’ करणारा तांबट व त्याचा थोराड भाऊ कुर्टुक. दोन बोटे पुढे, दोन मागे अशी पायांची ठेवण, वृक्षाच्या ढोलीतील घरटे आणि फळांची आवड हा साक्षीपुरावा उभय कुळांत सारखाच सापडतो.

टूकनकुळात 5 प्रजाती व चाळीसहून अधिक जाती. त्यांतील सर्वांत मोठ्या टोको टूकनची नुसती चोच सुमारे 20 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या तांबटाहूनही लांब! तरीही ती वजनाला हलकी, कारण आत अस्थितंतूंची सच्छिद्र जाळी आणि वर शृंगद्रव्याचे पातळ कवच. शिवाय तिच्यातील रक्तप्रवाह कमीअधिक करून हा पक्षी देहातील उष्णता बाहेर टाकतो, असे 2009 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले.

मुंबईने आपला नगरपक्षी म्हणून मान दिला तोही तांबटालाच, धनेशाला नव्हे.