तारपा : वारली जमातीची ओळख

आपल्या सांताक्रूझपासून फार दूर नव्हे, गोरेगावच्या आरे परिसरात वारली बांधवांचे पाडे आहेत. उत्तरेस डहाणू, तलासरी, जव्हार या तालुक्यांत तर या जमातीची मोठीच वस्ती आहे. तारपानृत्य हे तिचे भूषण होय. पुष्कळ विद्यार्थ्यांस ते केवळ चित्रांतून ठाऊक असते. यास्तव त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

तारपा हे फुंकून वाजवावयाचे वाद्य आहे. वाळविलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने सांधून ते सिद्ध होते. पावसाळा सरून नवे भात आले की वादक रात्री अंगणाच्या मध्यभागी उभा राहतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेस हातांचा विळखा घालून त्याच्याभोवती फेर धरतात. पाऊल कोणते टाकावयाचे, हे सुरावरून ठरते. सूर पालटला की पावलेही पालटतात. एकाने ताल सोडला तर सर्व साखळीच अडखळते.

वारली बोलीस स्वतःची लिपी नाही. अशा समाजाची स्मृती ग्रंथांत नव्हे, तर भिंतीवरील तांदळाच्या पिठाच्या रेषांत आणि अंगणातील फेरात साठविलेली असते. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर उतरवून जगास दाखविली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतही तारप्याभोवतीचा हा फेर वारंवार आढळतो.

हल्ली स्नेहसंमेलनांत हे नृत्य हौसेने बसविले जाते. ते चांगलेच आहे. परंतु रंगमंचावर वादकाच्या जागी ध्वनिमुद्रण येते आणि नर्तकांची तोंडे प्रेक्षकांकडे वळतात. मग वेष तेवढा उरतो, अर्थ निसटतो. शिवाय भोपळा, बांबू व ताड ही दुकानात मिळणारी सामग्री नव्हे. शेत आणि रान राहिले तरच तारपा राहील. २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील २,००० हून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा तेथील वारली कुटुंबांस एवढे दुःख का झाले, हे यावरून ध्यानी येईल.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, हे नृत्य शिकावयाचे तर ज्यांचे ते आहे त्यांजपासून शिका. आणि पालकांस आमची विनंती की, घरची बोली बोलण्यास लाजणाऱ्या मुलास रागे न भरता, आजीजवळ घटकाभर बसवावे. प्रत्येक घराचा एक सूर असतो; तो कानी पडेल तरच पाऊल जुळेल.