‘सोलारिस’चा शेवट

श्रोतेहो, एखादा चित्रपट संपतो आणि मनात कोडे ठेवून जातो. ‘मग खरे काय झाले हो?’ असे आपण शेजाऱ्याला विचारतो. आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७२ सालचा सोव्हिएत चित्रपट ‘सोलारिस’ असाच आहे.

सोलारिस ग्रहावर एक जाणता महासागर आहे. माणसांच्या आठवणींतून तो जिवंत माणसे घडवतो. तिथे गेलेल्या केल्विन या मानसशास्त्रज्ञापुढे त्याची मृत पत्नी उभी राहते. शेवटी मात्र केल्विन घरी आलेला दिसतो. तेच तळे, तोच कुत्रा. खिडकीतून डोकावतो तर पाऊस घरात पडतो आहे, अन् वडिलांना त्याचे भानच नाही! वडील दारात येतात; मुलगा गुडघे टेकून त्यांना बिलगतो. कॅमेरा वर वर जातो आणि कळते, की हे घर त्या महासागरातल्या बेटावर आहे.

अर्थ कसा लावावा? आधी पुरावा पाहावा. आरंभी पाऊस बाहेर पडला होता, आता आत पडतो. तेव्हा ही पृथ्वी नव्हे, आठवणीवरून केलेली नक्कल होय. एवढे निश्चित. केल्विन तिथे आपणहून राहिला, की तोही नक्कलच, हे चित्रपट सांगत नाही.

निघताना पुन्हा भेटीची आशा बापलेकांना नव्हती. मग त्या दारात मागितलेली क्षमा खोटी काय? केल्विन खरा असेल, तर वडील नकली असूनही त्याचा पश्चात्ताप खराच, असे मला वाटते.

शिक्षकबंधूंनी वर्गात आधी ‘काय दिसले?’ हे विचारावे, ‘अर्थ काय?’ हे मागाहून.